जिप्सीची थरथर आणि हुकचा जॉइंट

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात हुक्स जॉइंटवर एक गणित येतंच येतं. दोन शाफ्ट, मधला कोन अमुक, ड्रायव्हिंग शाफ्टचा स्पीड तमुक, तर ड्रिव्हन शाफ्टचा जास्तीत जास्त आणि कमीत कमी स्पीड काढा. मीही ते काढलं, आठपैकी सात मार्क मिळवले आणि पेपर संपल्यावर जिना उतरेपर्यंत विसरूनही गेले. तोच जॉइंट पुढे मामाच्या जिप्सीखाली उताणं पडून बघायची वेळ आली, तेव्हा कळलं की ते सात मार्क फुकटचेच होते.

आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालंय. 'कोनमापक' हा शब्द मला अकरावीत कळला. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गॅरेजमधले शब्द मात्र थेट मिस्त्रींकडून शिकलेत, ते पक्के आहेत!

मामाचं गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडे. पावसाळ्यात शेतातल्या घरापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता चिखल, आणि आजी काही केल्या ते घर सोडून गावात यायला तयार नाही. म्हणून मामाने एक जुनी जिप्सी घेतली. जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली, सैन्यात गेली, रॅलीत गेली, जंगल सफारीत गेली. बांधणी एकदम सरळ आहे. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांत कमानपाटे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस वेगवेगळे असतात, त्यांच्यामध्ये एक छोटा शाफ्ट. ट्रान्स्फर केसमधून एक प्रॉपेलर शाफ्ट पुढच्या ॲक्सलकडे जातो, एक मागच्या.

चिखलातल्या चाकोऱ्यांत डिफरन्शियलचा गोळा टेकायला लागला, तेव्हा मामाने गाडी उचलायचं ठरवलं. मूळ गाडीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. तेच पाटे ॲक्सलच्या वर बसवले की गाडी साधारण पाच इंच वर येते, नवे पाटे घ्यावे लागत नाहीत. फक्त ॲक्सलच्या नळीवर पाट्यांसाठी नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात. हे 'फक्त' लक्षात ठेवा. त्या बैठका ज्या कोनात वेल्ड होतील, त्याच कोनात ॲक्सल कायमचा बसतो. (रस्त्यावरच्या गाडीत असा बदल कायद्यात बसतो का, हा वेगळा विषय आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा, आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या. आम्ही उलट्या क्रमाने केलं.)

काम दिवाळीच्या सुट्टीत झालं. गाडी दिसायला झकास! पण हमरस्त्याला लागल्यावर ४५ च्या पुढे सीटखाली बारीक थरथर सुरू व्हायची. ६० ला ती गुणगुण होऊन छतापर्यंत जायची आणि आरशात मागची एक गाडी दोन दिसायची. आजी एकदाच बसली. "माझ्या दाढा वाजत्यात," म्हणाली आणि पुढच्या वेळी वडापने गेली.

पुढचे तीन महिने काय झालं ते थोडक्यात सांगते. मामाने चाकं दोनदा बॅलन्स करून घेतली. मग मागचा शाफ्ट कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात नेऊन बॅलन्स केला, दोन्ही क्रॉस नवीन टाकले. थरथर जशीच्या तशी. शेवटी मामाच्या डोक्यात बसलं की मिस्त्रींनी वेल्डिंगमध्ये घाण केली. त्यांचे उरलेले सहा हजार त्याने अडवून धरले. वीस वर्षांची ओळख, पण दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मी फेब्रुवारीत गेले तेव्हा मामा म्हणाला, "तू मेकॅनिकलला हायस नव्हं? मग बघ की काय झालंय ते."

आता आली का पंचाईत!

पहिला प्रश्न असा की थरथर इंजिनच्या स्पीडबरोबर बदलते की गाडीच्या? हे बघायला कसलंही यंत्र लागत नाही. ६० ला टॉप गिअरमध्ये गाडी चालवली, मग त्याच ६० ला एक गिअर खाली. इंजिनचा आवाज वाढला, थरथर तशीच राहिली. मग न्यूट्रल करून गाडी नुसती पळू दिली, तरी थरथर होतीच, जरा कमी. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. दुसरी एक गोष्ट तेव्हाच वहीत लिहून ठेवली होती, पण अर्थ कळला नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर वाढते, सोडला की थोडी उतरते. टायर बिचारा ॲक्सिलरेटर ओळखत नाही. त्याचं असंतुलन दोन्ही वेळी जवळपास सारखंच जाणवायला हवं.

दुसरा प्रश्न, सेकंदाला किती वेळा? हा प्रश्न विचारला की निम्मे संशयित आपोआप सुटतात, आणि नेमका हाच कोणी विचारला नव्हता. मागच्या टायरला खडूने खूण केली, मामाला सीटवर बसवलं, गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलली आणि जमिनीवर टेप लावली. २.३ मीटर. ६० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला सव्वासात फेरे. टायर, रिम, ब्रेकचा ड्रम यांचा दोष असेल तर थरथर सेकंदाला सातच्या आसपास हवी. ती थरथर नसतेच खरं तर, तो डुलण्यासारखा हादरा असतो, मोजता येईल असा.

शाफ्ट चाकापेक्षा किती पट फिरतो तेही हाताने मोजता येतं. इथे मी चुकले, तुम्ही चुकू नका. एकच चाक उचलून ते एक फेरा फिरवलं तर शाफ्ट दोनच फेरे फिरला. मला वाटलं डिफरन्शियलचं गुणोत्तर दोन! पण दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असताना क्राऊन व्हील अर्धाच फेरा फिरतं, म्हणून चाकाचे दोन फेरे करायचे आणि मग शाफ्टचे मोजायचे. ते चारच्या जवळपास आले. हिशेबाला ४ धरू. म्हणजे ६० च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला २९ फेरे फिरतो. शाफ्ट वाकलेला किंवा असंतुलित असेल तर थरथर २९ ला हवी. आणि क्रॉसच्या कोनामुळे असेल तर त्याच्या दुप्पट, ५८ ला. दुप्पट का, ते पुढे येतंय.

हल्ली मोजायला फोन पुरतो. फोनमधला प्रवेगमापक वापरणारी ॲप फुकट मिळतात. फोन सीटच्या नटाशी चिकटपट्टीने घट्ट बांधला, वेग फोनच्या जीपीएसवरून घेतला (मोठ्या टायरमुळे गाडीचा काटा कमी दाखवतो) आणि ४०, ५०, ६० ला रेकॉर्डिंग केलं. उत्तरं आली ३९, ४८ आणि... ४२! वेग वाढला आणि कंपनं कमी झाली? रात्रभर मी डोकं खाजवत बसले. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या रूममेटला फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुझं ॲप सेकंदाला शंभरच नोंदी घेतंय. पन्नासच्या वरचं त्याला खरं दिसतच नाही, ते घडी घालून खाली दाखवतं. शंभरातून ५८ गेले, किती राहिले?" ४२! सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. सेटिंग दोनशे नोंदींवर नेलं आणि ६० ला ५८ वर सरळ उंच सुळका उभा राहिला. २९ वर जेमतेम टेकडी होती, ७ वर काहीच नाही.

म्हणजे बॅलन्सिंगवाल्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. रोग तिथे नव्हताच, आणि मामाचे त्यावरचे पैसे पाण्यात गेले होते.

तरी खात्री म्हणून मागचा शाफ्ट पूर्ण काढला, पुढची हब लॉक केली आणि गाडी फोर-व्हील-ड्राइव्हला टाकून नुसती पुढच्या चाकांवर चालवून पाहिली. ५८ चा सुळका गायब. एक इशारा देते. शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरने धरली जात नाही. आधी चाकांना दगड लावा, मग बोल्ट सोडा. आणि फ्लँज व स्प्लाइनवर रंगाची खूण केल्याशिवाय काहीही वेगळं करू नका. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइन दुसऱ्या दातावर बसली की ते बिघडतं. आमचे योक रेषेत होते, बघितलं.

आता दुपटीचं कोडं. त्यासाठी भिंतीवरचं गोल घड्याळ खाली काढा. समोर धरून त्याची वरची कड तुमच्यापासून लांब झुकवा, चांगली ६० अंश. तबकडी आता लंबगोल दिसते. खऱ्या घड्याळात १२ ते १, १ ते २, २ ते ३ हे सगळे ३०-३० अंशच आहेत. पण झुकलेल्या तबकडीत डोळ्यांना काय दिसतं? १२ ते १ हे अंतर ४९ अंशांचं, १ ते २ हे २५ चं आणि २ ते ३ फक्त १६ चं! म्हणजे काटा एकसारखा फिरतोय, पण तिरकं बघणाऱ्याला तो १२ जवळ धावतो, ३ जवळ रेंगाळतो, ६ जवळ पुन्हा धावतो आणि ९ जवळ पुन्हा रेंगाळतो. एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा सावकाश.

क्रॉसमध्ये हेच होतं. पहिल्या शाफ्टचा योक एका पातळीत गोल फिरतो, दुसरा शाफ्ट त्या वर्तुळाकडे तिरका बघतो. पहिला कितीही गुळगुळीत फिरला तरी दुसरा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. म्हणून २९ चे ५८. (हा हुक म्हणजे स्प्रिंगच्या नियमाचा तोच रॉबर्ट हुक, सतराव्या शतकातला. जिप्सीत पाटेही त्याचे आणि क्रॉसही त्याचा!)

पण मग क्रॉस असलेली प्रत्येक गाडी थरथरायला हवी ना? नाही, कारण शाफ्टला दोन क्रॉस असतात. पुढचा क्रॉस जी चूक करतो, तीच मागचा उलट करून फेडतो. अट एवढीच की योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. सारखे म्हणजे ट्रान्स्फर केसच्या आउटपुट शाफ्टची रेषा आणि मागच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर. मधला शाफ्ट कितीही तिरका असो, ही दोन टोकं समांतर असली की हिशेब मिटतो.

मग आमचे कोन मोजले. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूतून ओवलेला दोरा आणि खाली एक नट. आजीने बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर ओळंबा." तोच. नंतर फोनमधल्या लेव्हलने ताडून पाहिलं, फोन उलटसुलट फिरवून त्याची शून्याची चूक आधी काढून टाकली. गाडी उतारावर उभी असली तरी चालतं, कारण आपल्याला फरकच हवा असतो. पण गाडीचं वजन चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या स्टँडवर हवं. चेसिसला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर सगळे कोन खोटे येतात. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही, कधीही जायचं नाही.

आकडे असे आले. ट्रान्स्फर केसचा आउटपुट मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलेला. शाफ्टचा उतार १५ अंश. पिनियनचं नाक पुढे ११ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन १५ वजा ३, बरोबर १२. मागच्याचा १५ वजा ११, बरोबर ४.

१२ आणि ४. मी तो कागद हातात घेऊन ॲक्सलखालीच पडून राहिले. कारण दिवाळीत बैठका वेल्ड होत होत्या तेव्हा मी तिथेच होते. मिस्त्री म्हणाले होते, "ताई, कंपनीनं बसवलंय तसंच ठेवूया की पिनियन." आणि मी, नुकतीच टीओएम पास झालेली, कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं होतं की गाडी उचलली की पिनियनचं नाक ट्रान्स्फर केसकडे बघायला पाहिजे, म्हणजे शाफ्ट सरळ होतो. मिस्त्रींनी मामाकडे बघितलं, मामा म्हणाला, "इंजिनियर सांगतीया तर तसं करा." त्यांनी तसं केलं.

मी वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. ट्रान्स्फर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट असेल, म्हणजे दोन क्रॉस पाठीला पाठ लावून बसवलेले, तर ते एकमेकांची चूक तिथल्या तिथेच जवळपास पूर्ण फेडतात. मग मागच्या क्रॉसला फेडायला काही उरत नाही, आणि त्याचा स्वतःचा कोन शून्याच्या जवळ ठेवायचा असतो. तेव्हा पिनियन शाफ्टकडे रोखणं बरोबर. आमच्या शाफ्टला दोन्हीकडे एकेकच क्रॉस. तिथे शाफ्ट दिसायला सरळ करणं म्हणजे फेडणाऱ्याचाच हात बांधून ठेवणं.

किती बांधला, तेही बघा. लहान कोनांना ही चूक कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ चा वर्ग १४४, ४ चा वर्ग १६. पुढच्या क्रॉसने १४४ ची उधारी केली आणि मागच्याने फक्त १६ फेडली. शिल्लक १२८, वर्गमूळ ११.३. म्हणजे मागचा क्रॉस नसताच आणि एकट्या क्रॉसला ११.३ अंशांचा कोन असता, तरी पिनियनला एवढाच त्रास झाला असता! पेपरातलं सूत्र लावलं तर ६० च्या वेगाला शाफ्टचे मिनिटाला १७४० फेरे आहेत, पण पिनियनला ते १७०६ ते १७७४ असे हेलकावे घेत मिळतात, सेकंदाला ५८ वेळा. प्रत्यक्षात चाकं आणि गाडीचं वजन एवढा हेलकावा घेऊ देत नाहीत, मग तो जोर उलटा ट्रान्स्फर केसच्या रबरी माउंटिंगवर, ऑइल सीलवर आणि आजीच्या दाढांवर येतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट. म्हणून ३० ला काही कळत नव्हतं आणि ६० ला आरसा नाचत होता. गाडी उचलायच्या आधी दोन्हीकडे साधारण ३-३ अंश असावेत, ९ ची उधारी आणि ९ चीच फेड.

ॲक्सिलरेटरचं कोडंही इथेच सुटलं. जोर लावला की ॲक्सल पाट्यांना पिळतो आणि पिनियनचं नाक दीड-दोन अंश वर येतं. पाटे ॲक्सलच्या वर बसवल्यावर हे पिळणं वाढतं. आमचं नाक आधीच वर, ते अजून वर गेलं की मागचा कोन ४ चा अडीच होतो, फेड अजून कमी. सोडलं की नाक खाली, फेड जरा जास्त. वहीतल्या त्या ओळीखाली मी तीन रेघा मारल्या.

नाक वर उचलण्याचा अजून एक तोटा आहे. डिफरन्शियलमधल्या तेलाची पातळी कंपनीने ॲक्सल सरळ धरून ठरवलेली असते. ॲक्सल आठ अंश मागे फिरला की तेल मागे सरकतं आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला कमी मिळतं. आमचं बेअरिंग वाचलं, कारण गाडी महिन्यातून चारदाच रस्त्यावर यायची.

मामाला सांगायचं म्हणजे आधी हेच सांगायचं की चूक मिस्त्रींची नाही, माझी. जेवताना सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही, भाकरी मोडत बसला. मग म्हणाला, "उद्या तूच चल गॅरेजला."

मिस्त्रींसमोर मी कोनमापक, दोरा, कागद सगळं मांडलं. "काका, तुमचं बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं." ते कागदाकडे बघतच नव्हते, कोनमापक उलटसुलट करत होते. "मला तुमचं गणित न्हाई येत ताई," म्हणाले, "पर कंपनीनं दोन्ही टोकं सारखीच ठेवल्याली असत्यात, येवढं ठावं हुतं. बोललो न्हाई. शिकल्याल्या मानसापुढं काय बोलायचं?" मामाने सहा हजार काढून टेबलावर ठेवले. ते तिथेच राहिले, दोघांचा चहा होईपर्यंत कोणी हात लावला नाही. मग मिस्त्रींनी ते मोजून खिशात घातले आणि मामाला विचारलं, "ऊस गेला का?"

उपाय काय होते? एक-दोन अंशांचा फरक असता तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये लोखंडी पाचर टाकून भागलं असतं. आठ-नऊ अंशांना पाचर टाकणं धोक्याचं, यू-बोल्ट तिरके ओढले जातात. डबल कार्डनचा शाफ्ट बनवून घेता आला असता, मग माझा दिवाळीचा सल्ला आपोआप बरोबर ठरला असता! पण त्याचा खर्च मामाने ऐकला आणि विषय संपला. राहिलं एकच, बैठका कापून पुन्हा वेल्ड करायच्या.

या वेळी मिस्त्रींनी आधी नुसते टाके मारले, गाडी चाकांवर उतरवली, मला कोन मोजायला लावले, आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. नळी तापून वाकू नये म्हणून थोडं थोडं, थांबत थांबत. पिनियनचं नाक समांतरपेक्षा मुद्दाम दीड अंश खाली ठेवलं, म्हणजे जोर लावल्यावर ते वर येऊन समांतर होईल. नाक खाली गेल्यामुळे शाफ्टचा उतार १६ झाला. म्हणजे पुढे १३, मागे उभ्या गाडीत साडेचौदा आणि चालत्या गाडीत १३ च्या आसपास. मग चेसिस उचलून ॲक्सल पूर्ण लोंबू दिला आणि शाफ्ट हाताने फिरवून योक कुठे अडकत नाहीत ना ते पाहिलं. कोन एवढे वाढले की हे बघावंच लागतं. अडकत असतील तर पहिल्याच खड्ड्यात क्रॉस तुटतो, आणि चालत्या गाडीखाली सुटलेला शाफ्ट काय करेल याचा विचारही नको.

हमरस्त्यावर मिस्त्रींनी स्वतः चालवली, मामा शेजारी, मी मागे फोन धरून. ६० ला ५८ चा सुळका जवळपास आठव्या भागावर आला होता. आरशात मागची गाडी एकच. ८० ला मात्र बारीक गुणगुण आहे अजून. ती राहणार, कारण टोकांचा हिशेब मिटला तरी मधला शाफ्ट स्वतः १३ अंशांच्या क्रॉसमागे एका फेऱ्यात दोनदा धावतोय आणि रेंगाळतोय, आणि त्याला स्वतःचं वजन आहे. शिवाय एवढ्या कोनात क्रॉसच्या सुया लवकर झिजणार. ग्रीस वरचेवर द्यायचं, कपांभोवती तांबूस पूड दिसली की क्रॉस बदलायचा. गाडी पाच इंच उचलली आणि काहीच बिघडलं नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मामा म्हणतो, "ऐंशीनं जायचंय कुणाला?" आजीने अजून बसून बघितलेलं नाही.

पुढच्या शाफ्टचं काम बाकी आहे. तिथलेही कोन मी मोजलेत, बरोबर नाहीत. पण पुढच्या ॲक्सलचं पिनियन फिरवलं की त्याबरोबर चाकांचा कॅस्टर कोनही फिरतो, आणि तो बिघडला की स्टिअरिंग सरळ राहत नाही. दोन्ही एकाच वेळी साधायचं तर ॲक्सलची टोकं कापून फिरवावी लागतात, आणि ते करायला ना मिस्त्री तयार आहेत ना मी. पुढची हब मोकळी ठेवली की रस्त्यावर तो शाफ्ट फिरतच नाही, चिखलात वेग वीसच्या वर जात नाही. म्हणून सध्या तसंच ठेवलंय. सेमिस्टर संपल्यावर पुन्हा मोजायचं ठरलंय. या वेळी आधी मिस्त्री सांगणार आणि मी लिहून घेणार.